डॉक्टरांनी ‘बीएमटी’ सुचवलंय? एचएलए तपासणीपासून घरी परतल्यानंतरच्या काळजीपर्यंत

हिमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाने, फाइलवर ‘बीएमटी’ (बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण) लिहिलं, की घरात पैशांची जुळवाजुळव आणि मोबाइलवरची शोधाशोध एकदमच सुरू होते. दोन्ही साहजिक आहे. पण या उपचारात कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, याला फार महत्त्व आहे. पहिल्या आठवड्यात व्हायची तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली, तर तेवढ्यात आजार पुढे सरकलेला असतो. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, ॲप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल किंवा जन्मतः प्रतिकारशक्तीच नसलेलं बाळ, यांपैकी काहीही तुमच्या घरी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि मधल्या काळात आपण काय करायचं, ते इथे सांगतो.

आधी थोडं समजून घेऊ

आपल्या रक्तातल्या पेशी अल्पायुषी असतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी सगळ्यात आधी भिडणारे न्यूट्रोफिल तर काही तास ते काही दिवस. त्यामुळे शरीराला रोज अब्जावधी नव्या पेशी तयार कराव्या लागतात. हे काम कमरेचं हाड, छातीचं मधलं हाड, मणके, फासळ्या यांच्या आतल्या मऊ मज्जेत चालतं आणि ते चालवतात मोजक्या रक्तजनक मूळ पेशी. शेतकरी धान्य पिकवतो, विकतो, खातो, पण बियाण्याला हात लावत नाही. या पेशींचं तसंच आहे. त्या विभागतात तेव्हा काही नव्या पेशी रक्त बनायला जातात आणि काही पुन्हा मूळ पेशी म्हणूनच राहतात. म्हणून हा साठा आयुष्यभर पुरतो. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक या टोरांटोच्या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून अशा पेशी असल्याचा पुरावा दिला.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. लाल पेशी आणि प्लेटलेटबरोबरच आपली जवळजवळ सगळी प्रतिकारशक्ती याच पेशींमधून येते. टी पेशी, बी पेशी, नॅचरल किलर पेशी, मॅक्रोफेज ही सगळी त्यांचीच संतती. त्यामुळे एखाद्याच्या मूळ पेशी बदलल्या, की त्याचं रक्त बदलतं आणि प्रतिकारशक्तीही बदलते. ‘बर्लिन पेशंट’ म्हणून ओळखले गेलेले टिमोथी रे ब्राउन यांना ल्युकेमिया होता आणि एचआयव्हीही. २००७ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी मुद्दाम असा दाता निवडला, ज्याच्या पेशींवर एचआयव्हीला आत शिरायला लागणारं सीसीआर५ हे प्रथिनच नव्हतं. दोन प्रत्यारोपणांनंतर ल्युकेमियाही गेला आणि एचआयव्हीही. हा काही एचआयव्हीचा सर्वांसाठीचा उपचार नव्हे, तेवढी जोखीम निव्वळ त्यासाठी कुणी घेणार नाही. पण मूळ पेशी बदलल्याने माणसात किती खोलवर बदल होतो, हे त्यातून कळतं.

अमेरिकेत ई. डोनल थॉमस यांनी १९५७ मध्ये रुग्णांना शिरेतून मज्जा देण्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. सुरुवातीची कित्येक वर्षं अपयशाची गेली, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याकडे सिएटलला शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. म्हणजे तुमच्यासमोर जो उपचार ठेवला गेलाय, तो आपल्याकडे चार दशकांहून जास्त काळ होतो आहे.

पायरी १ : स्वतःच्या पेशी की दुसऱ्याच्या, हे स्पष्ट विचारा

बीएमटी या एका नावाखाली दोन वेगळे उपचार येतात. खर्च, धोका, वेळ सगळं त्यावर ठरतं, म्हणून पहिला प्रश्न हाच.

ऑटोलोगस म्हणजे स्वतःच्या पेशी. मायलोमा आणि काही लिम्फोमांमध्ये कॅन्सर मारायला केमोचा इतका मोठा डोस लागतो, की त्यात मज्जाही संपते. म्हणून रुग्णाच्या मूळ पेशी आधी काढून जपून ठेवतात, मोठा डोस देतात आणि मग त्या परत देतात. इथे काम केमो करते; पेशी रुग्णाला त्यातून सावरतात. मायलोमात यामुळे आजार बराच काळ आटोक्यात राहतो, कायमचा जातोच असं नाही. काही लिम्फोमांत मात्र तो पूर्ण बरा होऊ शकतो. नेमकं उद्दिष्ट काय, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

ॲलोजेनिक म्हणजे दात्याच्या पेशी. थॅलेसेमिया, सिकल सेल, ॲप्लास्टिक ॲनिमिया यांत रुग्णाच्या स्वतःच्या मज्जेतच दोष असतो किंवा ती निकामी झालेली असते, म्हणून दुसऱ्याची लागते. ल्युकेमियात याहून मोठं कारण आहे. केमोतून वाचलेल्या चुकार कॅन्सरपेशींना दात्याची नवी प्रतिकारशक्ती परकं म्हणून ओळखते आणि मारते. म्हणजे प्रत्यारोपण हाच कॅन्सरवरचा उपचार असतो. पण याच प्रतिकारशक्तीला रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत हेही परकं वाटू शकतं. त्या त्रासाला जीव्हीएचडी म्हणतात आणि ॲलोजेनिक बीएमटीनंतरची बरीचशी काळजी त्याभोवती फिरते.

थॅलेसेमिया असेल तर एक जास्तीची सूचना. वय जितकं कमी आणि शरीरात साठलेलं लोह जितकं कमी, तितके निकाल चांगले. ‘आता बीएमटी होणारच आहे’ म्हणून लोह कमी करणाऱ्या गोळ्या ढिल्या सोडू नका. उलट याच काळात त्या काटेकोर घ्या.

पायरी २ : घरच्यांचं रक्त रुग्णाला देऊ नका

हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि प्रेमापोटीच चूक होते. रक्त लागलं की भाऊ, बहीण, आई-वडील धावतात. पण उद्या दाता याच लोकांमधून निघणार असतो. त्यांचं रक्त आधी चढवलं, तर रुग्णाचं शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध तयार होऊ शकतं आणि नंतर आलेली मज्जा नाकारू शकतं. ॲप्लास्टिक ॲनिमियात हा धोका विशेष आहे. घरच्यांनी रक्तपेढीत रक्तदान जरूर करावं, फक्त ती पिशवी आपल्या रुग्णाला लावू नये असं सांगावं. रुग्णासाठीचं रक्त पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि सांगितलं असेल तेव्हा इरॅडिएटेड (किरणांची प्रक्रिया केलेलं) असावं. मोठ्या शहराबाहेर दाखल असाल तर तिथल्या डॉक्टरांना याची आठवण करून द्यायला संकोचू नका.

आणि घरात आधीचं एखादं बाळ तान्हेपणी वारंवारच्या जंतुसंसर्गाने दगावलं असेल, तर नव्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी बालरोगतज्ज्ञांना ते सांगा. प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेल्या बाळात ती लसच शरीरभर पसरू शकते.

पायरी ३ : एचएलए तपासणी, लगेच

ॲलोजेनिक म्हटलं असेल, तर दाखल व्हायची वाट न पाहता रुग्ण आणि सगळी सख्खी भावंडं यांची एचएलए तपासणी करून घ्या. रक्ताचा नमुना किंवा गालाच्या आतून फिरवलेला कापूस पुरतो. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी काही संस्था मोफत शिबिरंही घेतात. तुम्ही रक्त चढवायला जाता त्या डे-केअरमध्ये चौकशी करा.

रक्तगट जुळायला हवा, हा समज मनातून काढून टाका. इथे जुळवायचे असतात एचएलए नावाचे पेशींवरचे खुणेचे प्रथिन-संच. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात आणि मुलाला एक संच आईकडून, एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील, तर किमान एकाशी जुळण्याची साधारण ४४ टक्के. आई-वडील मात्र नेहमी निम्मेच जुळतात. चुलत-मावस भावंडांची तपासणी सहसा पैसे वाया घालवते. अपवाद एकच : आई-वडील नात्यातले असतील, म्हणजे आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं तसं, तर जवळच्या नातेवाइकांत जुळणी निघू शकते. ही माहिती डॉक्टरांना न विचारताच द्या.

भावंडं जुळली नाहीत म्हणून आशा सोडायचं कारण नाही. पुढचे दोन रस्ते आहेत.

एक, रजिस्ट्रीतला, म्हणजे स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या दात्यांच्या यादीतला, अनोळखी दाता. जगभरच्या रजिस्ट्र्यांत मिळून चार कोटींहून जास्त लोकांची नोंद आहे आणि तुमच्या केंद्रातून हा शोध घेता येतो. अडचण अशी, की एचएलएचे नमुने वंशागणिक बदलतात. भारतीय रुग्णाला जुळणारा दाता बहुधा भारतीय वंशातच सापडतो आणि आपल्या लोकसंख्येच्या मानाने आपली नोंदणी फारच तोकडी आहे. दात्री, डीकेएमएस इंडिया या आपल्याकडच्या रजिस्ट्र्या. पेशी परदेशातून आणायच्या झाल्या तर खर्च बराच वाढतो, ते आधीच विचारून घ्या.

दोन, हाफ मॅच. आई, वडील, मूल किंवा निम्मं जुळणारं भावंड दाता होतं. पूर्वी यात जीव्हीएचडी हाताबाहेर जायचा. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सने रुळवली आणि चित्र पालटलं. रुग्णाविरुद्ध खवळलेल्या टी पेशी त्या औषधाने मरतात, मूळ पेशी मात्र तगतात. आता भारतातल्या अनेक केंद्रांत हाफ मॅच नेहमीचं झालं आहे. छोट्या कुटुंबांसाठी हा फार मोठा आधार आहे.

पायरी ४ : दात्याशी बोला, आणि एकट्याशी बोला

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण घरातली सगळ्यात जास्त भीती इथे असते आणि ती कुणी उघड बोलत नाही.

पेशी दोन पद्धतींनी घेतात. पहिल्या पद्धतीत दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात. त्याने मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग प्लेटलेटदानासारख्या मशीनवर एका हातातून रक्त घेऊन पेशी वेगळ्या करतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत देतात. तीन-चार तास लागतात, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं. इंजेक्शनच्या दिवसांत हाडं ठणकतात, डोकं दुखतं, पॅरासिटामॉलने भागतं. मशीनवर असताना ओठांभोवती मुंग्या येतात. ते कॅल्शियम कमी झाल्याने होतं, लगेच सांगितलं की कॅल्शियम देतात. दुसऱ्या पद्धतीत भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा घेतात. थॅलेसेमिया आणि ॲप्लास्टिक ॲनिमियात पुष्कळदा हीच पद्धत पसंत करतात, कारण तीत जीव्हीएचडी कमी होतो. किती घ्यायची याची मर्यादा दात्याच्या वजनावर ठरते, किलोमागे जास्तीत जास्त २० मिली. कंबर काही दिवस दुखते. घेतलेली मज्जा साधारण चार ते सहा आठवड्यांत भरून निघते.

आता भीती. पाठीच्या कण्याला हात लागत नाही. कायमची अशक्तता येत नाही. मूल होण्यावर परिणाम होत नाही. तरुण बहीण जुळली की सासरहून विरोध येतो, हे आपल्याकडे वारंवार घडतं. अशा वेळी सासरच्या मंडळींना घेऊन डॉक्टरांसमोर बसा; दबावाने जे साधत नाही ते माहितीने साधतं.

पण दाता आपल्या घरचा आहे म्हणून त्याने ‘हो’ म्हटलंच पाहिजे असं गृहीत धरू नका. त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. नकार द्यायचाच असेल तर तो आत्ता येऊ दे. कारण रुग्णाची मोठी केमो सुरू झाल्यावर परतीचा रस्ता नसतो. मज्जा संपलेली असते आणि दाता मागे फिरला, तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो. हे वाक्य दात्यापासून लपवू नका आणि त्याच्यावर फेकूही नका. शांतपणे, वेळ देऊन सांगा.

पायरी ५ : जागा आणि पैसा

रुग्णालय निवडताना मी तीन गोष्टी विचारायला सांगेन : आमच्या आजारासाठी, आमच्या प्रकारची बीएमटी तुम्ही वर्षाला किती करता? रात्री दोनला ताप आला तर फोन कोण उचलतं? आणि एस्टिमेटमध्ये नंतरच्या सहा महिन्यांची औषधं धरली आहेत का? शेवटचा प्रश्न फार जण विसरतात. दाखल असतानाचं बिल कसंबसं जमतं आणि बुरशीविरोधी औषधांपाशी पैसे संपतात.

स्वतःच्या पेशींची बीएमटी सगळ्यात स्वस्त, जुळलेल्या भावंडाची त्याहून महाग, हाफ मॅच आणि रजिस्ट्रीतला दाता सर्वांत महाग. लेखी एस्टिमेट हातात आलं की त्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचा आजार आणि तुमचं रुग्णालय बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांचे अर्ज लगेच करा. धर्मादाय रुग्णालय असेल, तर महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा. थॅलेसेमिया आणि ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना ठरावीक रुग्णालयांत १० लाखांपर्यंत मदत करते. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बालकांच्या बीएमटीचं केंद्र आहे, तर टाटा मेमोरियलचं बीएमटी युनिट खारघरच्या ॲक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात. बहुतेक योजनांत मंजुरी आधी लागते. खर्च करून मग अर्ज केला तर हाती काही येत नाही.

राहण्याची सोयही आत्ताच पाहा. उपचारांच्या सुरुवातीला धर्मशाळा चालते, पण बीएमटीनंतर सामायिक संडास आणि गर्दी चालत नाही. रुग्णालयापासून तासाभराच्या आत, स्वतंत्र संडास आणि स्वयंपाकाची सोय असलेली, ओल न धरलेली खोली हवी, आणि ती किमान तीन महिने.

पायरी ६ : दाखल व्हायच्या आधी

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडलेला दात आत्ता किरकोळ वाटतो, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) शून्यावर असताना तोच जंतुसंसर्गाचं दार होतो.

मूल होण्याबद्दल विचारा. मोठ्या डोसच्या केमोने वंध्यत्व येण्याची शक्यता बरीच असते. पुरुषांचं वीर्य गोठवणं एका दिवसात होतं. बायकांची बीजं किंवा भ्रूण गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. हा विषय घरात वडीलधाऱ्यांसमोर निघत नाही आणि तरुण रुग्ण स्वतः काढत नाही. पालकांनो, तुम्ही काढा. नंतर तो काढून उपयोग नसतो.

बाकी हृदय, फुप्फुसं, विषाणूंच्या तपासण्या आणि गळ्याजवळची सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) हे सगळं रुग्णालय करून घेतं.

पायरी ७ : वॉर्डातले दिवस

आधीचा साधारण आठवडा केमोचा, काहींना रेडिएशनचाही. हे दिवस उणे धरून मोजतात : उणे सहा, उणे पाच. पेशी देतात तो ‘डे झीरो’. ऑपरेशन वगैरे काही नसतं. रक्ताची असते तशी पिशवी लागते, पेशी शिरेतून जातात आणि हाडांतल्या आपल्या जागी स्वतःच पोहोचतात. गोठवून ठेवलेल्या पेशी असतील, तर त्यांच्यातल्या डीएमएसओ या रसायनामुळे खोलीत एक-दोन दिवस लसणासारखा वास राहतो. घाबरू नका.

मायलोमासाठी मेल्फलान देत असतील, तर औषध चालू असताना तोंडात बर्फाचे तुकडे ठेवायला सांगतात. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचतं आणि तोंड कमी सोलतं. इतकी साधी गोष्ट, पण नंतरच्या आठवड्यात घास गिळता येणं न येणं तिच्यावर ठरू शकतं. कंटाळा करू देऊ नका.

मग येतो वाट पाहण्याचा काळ. काउंट तळाला, तोंड सोललेलं, जुलाब, ताप. स्वतःच्या पेशी असतील तर दहा-चौदा दिवसांत आणि दात्याच्या असतील तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर जातात, तेव्हा पेशी रुजल्या असं म्हणतात. त्याआधी रोजचा आकडा पाहून रोज आनंद किंवा दुःख करत बसलात तर रुग्णही तेच करेल. अटेंडंट म्हणून एकाच माणसाने महिनाभर बसू नये; आळीपाळी ठरवा आणि ज्याला शिंका येताहेत त्याने दारातूनही डोकावू नये. देवाचा अंगारा, तीर्थ, फुलं, बाहेरचा प्रसाद खोलीत नको. प्रसाद घरी देवापुढे ठेवा, रुग्णाला नंतर कधीतरी द्या.

पायरी ८ : घरी आल्यावर

दात्याच्या पेशींनंतरचे पहिले १०० दिवस सर्वांत जोखमीचे. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, आधी फोन करायचा. तळहात-तळपायावर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे, ही जीव्हीएचडीची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी कळवा. महिन्यांनंतर डोळे-तोंड कोरडं पडणं, त्वचा घट्ट होणं, जिना चढताना धाप लागणं हेही सांगायचं असतं.

सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल, तर रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी नमुना दिल्यानंतरच घ्यायची. आधी घेतली की आकडा चुकतो आणि डोसही चुकतो. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, त्यांनी या औषधांची पातळी वाढते. कोकणातल्या मंडळींनी गणपतीच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवावं.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे कुणी कितीही प्रेमाने दिले तरी नको. इथे डॉक्टर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवत असतात, नव्या पेशींनी शरीरावर हल्ला करू नये म्हणून. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं कोविडकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत, आणि बीएमटीच्या रुग्णाचं यकृत आधीच औषधांनी थकलेलं असतं. कच्ची कोशिंबीर, उसाचा रस, बाहेरची पाणीपुरी, कबुतरं बसणारी गॅलरी, भिंत फोडायचं काम, कुंडीतली माती, पावसाळ्यात भिंतीवर आलेली बुरशी, होळीचे रंग यांपासून दूर राहा. ताजं शिजवलेलं साधं घरचं जेवण उत्तम.

जुन्या लसींचं संरक्षण बहुतांशी पुसलं जातं, म्हणून लहानपणच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. साधारण सहा महिने ते वर्षाने सुरुवात होते. गोवर-गालगुंडासारख्या जिवंत लसी किमान दोन वर्षांनी, औषधं बंद झाल्यावर आणि जीव्हीएचडी नसेल तरच. घरातल्या दुसऱ्या लहान मुलाला पोलिओचे थेंब देण्याआधीही विचारा. थेंबांतला जिवंत विषाणू काही आठवडे विष्ठेतून बाहेर पडतो. आणि दात्याचा रक्तगट वेगळा असेल, तर रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. ते लिहिलेलं कार्ड पाकिटात कायम ठेवा.

‘स्टेम सेल’च्या नावाने जे विकलं जातं

मोबाइलवरच्या शोधात तुम्हाला याच काळात जाहिराती दिसतील : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, मधुमेह, गुडघे, सगळ्यांवर स्टेम सेल. माझं मत स्पष्ट आहे, यांच्या वाटेला जाऊ नका. रक्तजनक मूळ पेशी रक्त आणि प्रतिकारशक्ती नव्याने घडवतात, आणि ते त्या फार उत्तम करतात. त्या मेंदूच्या किंवा कूर्चेच्या पेशी बनत नाहीत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी स्टेम सेलचे वापर फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवेत. कुणी ट्रायल म्हटलं, तर सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. ट्रायलच्या उपचाराचे पैसे मागितले, तर उठून या.

बाळाची नाळ खासगी बँकेत ठेवण्याबद्दलही असंच. नाळेच्या रक्तात मूळ पेशी असतात हे खरं. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी एका मुलावर त्याच्या बहिणीच्या नाळेच्या रक्ताने पहिलं प्रत्यारोपण केलं. पण ती बहिणीची होती. थॅलेसेमियाच्या बाळाच्या स्वतःच्या नाळेत तोच दोष असतो, त्यामुळे ती त्याला कामाची नाही. आयसीएमआर खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. घरात आधीच थॅलेसेमियाचं मूल असेल आणि दुसरं बाळ येत असेल, तर मात्र त्या बाळाच्या नाळेबद्दल हिमॅटॉलॉजिस्टशी बोला. तिथे कारण खरं आहे.

नवं आणि खरं काय आहे, तेही सांगतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना बी पेशींचा कॅन्सर ओळखायला शिकवून परत देतात. आजार उलटलेल्या काही ल्युकेमिया-लिम्फोमा रुग्णांसाठी तो पर्याय आहे. दुसरा उपचार जनुक-संपादनाचा. कॅसजेवी हे क्रिस्परवर आधारित औषध आधी ब्रिटनने, मग अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस सिकल सेलसाठी मंजूर केलं. रुग्णाच्याच मूळ पेशींमध्ये बदल करून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि मोठी केमो त्यातही चुकत नाही. विदर्भ आणि नंदुरबारच्या सिकल सेलच्या कुटुंबांसाठी आज हाताशी असलेला पूर्ण बरा होण्याचा मुख्य मार्ग जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जेचा आहे. म्हणून सगळ्या भावंडांची एचएलए तपासणी करून ठेवा.

तुमच्या घरी कुणी आजारी नसेल तर

रजिस्ट्रीत नाव नोंदवा. वय १८ ते साधारण ५०, तब्येत चांगली, एवढं पुरतं. नेमकी अट रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर दिलेली असते. गालातला कापूस देऊन झाल्यावर कदाचित कधीच बोलावणं येणार नाही. आलंच, तर एखाद्या रुग्णाला जुळणारे तुम्ही एकटेच असू शकता, म्हणून नोंदणीआधीच घरी आई-वडिलांशी, जोडीदाराशी बोलून घ्या आणि वरची चौथी पायरी त्यांना वाचायला द्या. आणि मोबाइल नंबर किंवा पत्ता बदलला, की रजिस्ट्रीला कळवा. जुळलेला दाता जुन्या नंबरमुळे सापडला नाही, असं होऊ देऊ नका.